अंतर्गृहातील परिस्थिती आणि उष्णतेची जाणीव

वैशाखातील एखाद्या दुपारी एकाच गावातील दोन खोल्यांत तापमापक टांगले आणि दोन्हींकडे पारा ३४ अंश सेल्सियसवर स्थिरावला, अशी कल्पना करावी. पहिली खोली पत्र्याच्या छपराची आहे. दुसरी जुन्या वाड्यातील, जाड भिंतींची आणि वर मजला असलेली. पहिल्या खोलीतील मनुष्य घामाने निथळत दाराशी येऊन बसतो. दुसऱ्या खोलीतील मनुष्य जेवून सतरंजीवर निवांत पडतो. पारा दोघांनाही एकच गोष्ट सांगत असता दोघांचा अनुभव इतका भिन्न का व्हावा? पहिला मनुष्य नाजूक आणि दुसरा सोशिक, असे उत्तर देऊन चालणार नाही. कारण दोघांनी जागा बदलल्या, तर तक्रारही जागा बदलते. याचा अर्थ असा की, माणसाला जे जाणवते ते सर्व हवेच्या तापमापकात उतरत नाही. जे उतरत नाही ते कोणते, आणि त्यापैकी किती देहाचे व किती मनाचे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शरीराचा उष्णतेचा जमाखर्च

निरोगी माणसाच्या शरीराच्या अंतर्भागाचे उष्णतामान ३७ अंशांच्या आसपास राखले जाते. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाच्या शरीरात चयापचयामुळे सुमारे १०० वॅट इतकी उष्णता सतत निर्माण होत असते. ही उष्णता ज्या वेगाने निर्माण होते त्याच वेगाने बाहेर पडली, तर शरीर समतोल राहते. तिला बाहेर पडण्याचे मार्ग चार : स्पर्श झालेल्या वस्तूंकडे वहनाने, भोवतालच्या हवेकडे अभिसरणाने, दूरच्या पृष्ठभागांकडे प्रारणाने, आणि घामाच्या व श्वासातील बाष्पीभवनाने.

या चार मार्गांवर ज्या गोष्टींचा ताबा चालतो त्या सहा आहेत. हवेचे उष्णतामान, भोवतालच्या पृष्ठभागांचे सरासरी प्रारण-उष्णतामान, हवेतील आर्द्रता आणि वाऱ्याचा वेग या चार गोष्टी खोलीच्या. अंगावरील वस्त्रे व चाललेले श्रम या दोन माणसाच्या. नित्याचा तापमापक या सहांपैकी केवळ पहिली मोजतो. उरलेल्या पाचांविषयी तो मुका असतो.

भोवताल थंड असतो तेव्हा पहिले तीन मार्ग पुरेसे होतात. त्वचेचे उष्णतामान सर्वसाधारणपणे ३३ ते ३५ अंश असते. हवा आणि भिंती त्या पातळीला पोचल्या म्हणजे वहन, अभिसरण व प्रारण यांची दारे मिटू लागतात आणि सर्व भार घामावर पडतो. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे २.४ किलोजूल उष्णता घेऊन जातो. म्हणजे १०० वॅट उष्णता केवळ घामाने घालवावयाची, तर ताशी सुमारे १५० ग्रॅम घाम निर्माण होऊन तो पुरता वाळला पाहिजे. येथे ‘वाळला पाहिजे’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. अंगावरून ओघळून खाली पडलेला घाम शरीरातील पाणी व क्षार घेऊन जातो, परंतु उष्णता फारशी नेत नाही.

भिंती, छप्पर आणि प्रारण

वरील दोन खोल्यांचे कोडे मुख्यत्वे प्रारणाने सुटते. प्रत्येक पृष्ठभाग आपल्या उष्णतामानानुसार उष्णता प्रक्षेपित करीत असतो, आणि मनुष्य व भिंत यांच्यातील ही देवघेव मधल्या हवेला न विचारता चालते. हवा संथ असलेल्या खोलीत शरीराच्या उष्णतेच्या व्यवहारात प्रारणाचा वाटा अभिसरणाहून कमी नसतो. उलट किंचित अधिकच असतो. म्हणून अशा खोलीत माणसाला भासणारे उष्णतामान हे हवेचे उष्णतामान आणि पृष्ठभागांचे सरासरी प्रारण-उष्णतामान यांच्या जवळजवळ मध्यावर असते.

आता पत्र्याच्या खोलीतील भिंती ३५ अंशांवर व छप्पर ५५ अंशांवर आहे असे समजू. छपराचा वाटा एकचतुर्थांश धरला, तर प्रारण-उष्णतामान ४० अंश येते आणि भासणारे उष्णतामान ३७. वाड्यातील खोलीत सर्व पृष्ठभाग ३१ अंशांवर आहेत असे मानले, तर भासणारे उष्णतामान साडेबत्तीस. पारा समान असूनही फरक साडेचार अंशांचा पडला. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, येथे व्यवहाराची दिशाच उलटली आहे. वाड्यातील भिंती ३५ अंशांच्या त्वचेहून थंड असल्यामुळे शरीराकडून उष्णता घेतात. पत्र्याचे छप्पर शरीराला उष्णता देते. पहिल्या माणसाच्या घामाला स्वतःच्या १०० वॅटांबरोबर छपराचे देणेही फेडावे लागते.

हे मोजण्याचे साधन नवे नाही. ब्रिटनमध्ये एच. एम. व्हर्नन यांनी १९३० च्या सुमारास गोलक-तापमापक प्रचारात आणला : तांब्याचा सहा इंच व्यासाचा, काळा रंग दिलेला पोकळ गोळा आणि त्याच्या मध्यभागी तापमापकाचा फुगा. हा गोळा हवा आणि प्रारण या दोहोंचा परिणाम एकत्र दाखवितो. टॉमस बेडफर्ड यांनी १९३६ मध्ये ब्रिटिश कारखान्यांतील कामगारांच्या उष्णतेच्या जाणिवेचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात प्रारणाची अशी दखल घेतली होती. साधन इतके स्वस्त आणि सोपे असूनही घरांची पाहणी करताना ते क्वचितच वापरले जाते.

छपराच्या उष्णतेचा आणखी एक विशेष आहे. उष्णता कोणत्या बाजूने येते याला माणूस उदासीन नसतो. डोक्यावरील तप्त पृष्ठभाग त्याला सर्वांत अप्रिय असतो. आंतरराष्ट्रीय मानकांत बाजूची भिंत समोरच्या बाजूहून २३ अंशांपर्यंत अधिक उष्ण चालेल असे मानले आहे; छताच्या बाबतीत ही मर्यादा अवघी ५ अंश आहे. ही मानके सौम्य हवेतील बैठ्या माणसांवरून ठरविलेली असली, तरी पत्र्याखाली राहणाऱ्या माणसाची तक्रार कोणत्या जातीची आहे, हे त्यांवरून समजते.

बांधणीच्या द्रव्याचा प्रश्न केवळ किती तापते असा नसून केव्हा तापते असाही असतो. पत्रा सूर्याबरोबर तापतो आणि सूर्यास्तानंतर लौकर निवतो. नऊ इंच जाडीच्या विटांच्या भिंतीतून बाहेरची उष्णता आत पोचण्यास सुमारे सहा ते सात तास लागतात. मातीच्या जाड भिंतीतून व धाब्यातून त्याहूनही अधिक. दुपारची झळ अशा घरात रात्री येते, आणि तोवर बाहेरची हवा उतरलेली असते. देशावरील व मराठवाड्यातील माळवदाच्या घरांत दुपारी आत व रात्री माळवदावर निजण्याचा जो परिपाठ होता, तो या विलंबाशी जुळवून घेतलेला होता. आज सर्वत्र दिसणाऱ्या काँक्रीटच्या उघड्या छताची अडचण अशी की, ते पत्र्यासारखे लौकर निवत नाही आणि जाड धाब्यासारखे उष्णता थोपवीतही नाही. सायंकाळी आणि पूर्वरात्री, म्हणजे माणसे नेमकी घरी असतात तेव्हा, ते खाली उष्णता सोडीत राहते.

वारा आणि आर्द्रता

प्रारणानंतर वारा व आर्द्रता यांचा विचार करावा लागतो. रुडकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेत शर्मा व अली यांनी भारतीय लोकांवर केलेल्या प्रयोगांतून ‘उष्णकटिबंधीय ग्रीष्म निर्देशांक’ तयार केला व तो १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे सोपे रूप असे : ओल्या कापडाने वेढलेल्या तापमापकाच्या उष्णतामानाचा एकतृतीयांश, अधिक गोलकाच्या उष्णतामानाचा तीनचतुर्थांश, वजा वाऱ्याच्या वेगाच्या वर्गमुळाची दुप्पट, वेग सेकंदास मीटर या मापात घ्यावयाचा. हा निर्देशांक २५ ते ३० च्या दरम्यान असता बहुतेकांना बरे वाटते.

हे सूत्र गृहिणीच्या हिशेबाइतके उघड आहे. गोलकाचे उष्णतामान ३ अंशांनी उतरले, तर निर्देशांक सव्वादोनने उतरतो. स्थिर हवेत पंखा लावून वाऱ्याचा वेग सेकंदास १ मीटर केला, तर तो २ ने उतरतो. ओल्या तापमापकाचे उष्णतामान ३ अंशांनी उतरले, तर निर्देशांकात केवळ १ चा फरक पडतो. म्हणजे छपराला चुन्याचा पांढरा हात देऊन किंवा त्याखाली आच्छादन ताणून गोलक ३ अंशांनी खाली आणता आला, तर त्याचा लाभ एका पंख्याहून कमी नाही, आणि त्याला वीज लागत नाही.

वाळ्याचे ओले ताटे किंवा हल्लीचा कूलर विदर्भात का उपयोगी पडतो व कोकणात का पडत नाही, हेही येथे स्पष्ट होते. पाण्यावरून गेलेली हवा थंड होते खरी. परंतु ती फार तर ओल्या तापमापकाच्या उष्णतामानापर्यंत उतरू शकते. कोरड्या प्रदेशात दोन तापमापकांमध्ये २० अंशांचे अंतर असले, तर त्यातील मोठा भाग हाती लागतो. किनाऱ्यावर हे अंतर पाच-सहा अंशांचेच असते. तेथे कूलर थोडी थंडी व पुष्कळ दमटपणा देतो, आणि घाम वाळण्याचे उरलेसुरले साधन काढून घेतो.

पंख्यालाही मर्यादा आहे. हवा त्वचेहून अधिक उष्ण झाली म्हणजे वारा घाम वाळवितो, पण त्याचबरोबर शरीरात उष्णताही आणतो. ४० अंशांच्या वर पंख्यावर विसंबू नये, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे.

प्रयोगशाळा आणि वस्ती

सुखावह उष्णतामान कोणते, हा प्रश्न विसाव्या शतकात प्रथम प्रयोगशाळेत विचारला गेला. अमेरिकेत हॉटन व यॅग्लू यांनी १९२३ मध्ये ‘परिणामी उष्णतामान’ ही कल्पना मांडली. पुढे डेन्मार्कमधील पी. ओ. फँगर यांनी कॅन्सस स्टेट विद्यापीठातील प्रयोगांचा आधार घेऊन १९७० मध्ये जे समीकरण प्रसिद्ध केले, त्याने या विषयाला निश्चित रूप दिले. वरील सहा गोष्टी दिल्या असता मोठ्या समूहाचे सरासरी मत काय पडेल, हे त्या समीकरणाने उणे ३ ते अधिक ३ या मापावर सांगता येते. साध्या हलक्या कपड्यांत स्वस्थ बसलेल्या माणसांना सुमारे २५.६ अंश सुखावह वाटतात, असे त्या प्रयोगांत आढळले. परिस्थिती कितीही अनुकूल असली तरी शेकडा ५ माणसे असंतुष्ट राहतात, हेही फँगर यांनी नमूद केले.

मात्र लोकांना प्रयोगशाळेत न बोलावता संशोधक त्यांच्या घरी व कार्यालयांत गेले, तेव्हा निराळे चित्र दिसू लागले. सी. जी. वेब यांनी रुडकी व बगदाद येथे गोळा केलेल्या नोंदींचे फर्गस निकल यांनी १९७४ मध्ये विश्लेषण केले. ३० अंशांच्या वरही पुष्कळ लोक आपण सुखात असल्याचे सांगतात, असे त्यात आढळून आले. मायकेल हम्फ्रीज यांनी निरनिराळ्या देशांतील पाहण्या एकत्र करून असे दाखविले की, लोकांना सुखावह वाटणारे उष्णतामान त्यांना सवयीच्या असलेल्या उष्णतामानाच्या मागोमाग सरकते. १९९८ मध्ये द डिअर व ब्रेगर यांनी सुमारे २१,००० नोंदींवरून हा संबंध सूत्रबद्ध केला. अमेरिकेतील उष्णन-शीतन अभियंत्यांच्या संस्थेने २००४ मध्ये तो आपल्या मानकात स्वीकारला.

भारतातील पाहण्यांनी या मताला पुष्टी दिली. मधवी इंद्रगंटी यांनी २००८ च्या उन्हाळ्यात हैदराबादेतील सदनिकांत केलेल्या पाहणीत सुखावह उष्णतामान २९ अंशांच्या थोडे वर आढळले. अहमदाबाद येथील ‘सेप्ट’ विद्यापीठाच्या संशोधकांनी अहमदाबाद, बंगळूर, चेन्नई, दिल्ली व सिमला येथील कार्यालयांतून ६,३३० उत्तरे मिळवून भारतासाठी स्वतंत्र सूत्र तयार केले. खिडक्या उघड्या ठेवणाऱ्या इमारतींत, मागील ३० दिवसांचे बाहेरचे सरासरी उष्णतामान ३२ अंश असेल, तर या सूत्राप्रमाणे सुखावह उष्णतामान सुमारे ३० अंश येते. सरासरी २२ असेल तर पावणेपंचवीस. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत या सूत्राला स्थान मिळाले आहे.

अपेक्षा, रंग आणि स्वाधीनता

सवयीमुळे शरीरात काही बदल घडतात, हे खरे. परंतु एवढ्याने वरील फरक पुरता उलगडत नाही. मनाचाही येथे हात आहे. मात्र तो कोठवर पोचतो हे काळजीपूर्वक पाहिले पाहिजे, कारण या बाबतीत लोकसमजुती बऱ्याच आहेत.

निळा रंग शीतल व तांबडा उष्ण, ही समजूत सर्वत्र आढळते. पी. सी. बेरी यांनी १९६१ मध्ये निरनिराळ्या रंगांच्या प्रकाशात माणसांना बसवून उष्णता वाढवीत नेली. अस्वस्थता ज्या उष्णतामानाला सुरू झाली ते प्रकाशाच्या रंगाने बदलले नाही. परंतु विचारले असता त्याच माणसांनी काही रंग अधिक उष्ण असल्याचे सांगितले. फँगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये गडद तांबड्या व गडद निळ्या प्रकाशात तुलना केली, तेव्हा पसंतीच्या उष्णतामानात केवळ ०.४ अंशाचा फरक पडला. खोलीच्या रूपाचा परिणाम अधिक असावा असे दिसते. कॅन्सस स्टेट विद्यापीठात फ्रेडरिक रोल्स यांनी प्रयोगाच्या उघड्याबोडक्या खोलीत लाकडी तक्ते, गालिचा व आरामाच्या खुर्च्या मांडल्या. उष्णतामान तेच असता लोकांना ती खोली अधिक उबदार भासली. तेव्हा भिंतीला निळा रंग दिल्याने घर निवत नाही. छपराला पांढरा रंग दिल्याने मात्र निवते. पहिला उपाय डोळ्यांवर चालतो, दुसरा सूर्यावर.

याहून बलवत्तर कारण स्वाधीनतेचे आहे. कॅलिफोर्नियातील एका कार्यालयात ब्रेगर व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, खिडकी उघडणे-मिटणे ज्यांच्या हाती होते आणि ज्यांच्या हाती फारसे नव्हते, अशा दोन गटांची तुलना केली. परिस्थिती, वस्त्रे व काम सारखेच असता त्यांच्या सुखावह उष्णतामानांत सुमारे दीड अंशाचा फरक आढळला. ज्यांना उपाय करता येत होता त्यांनी अधिक उष्णता सहन केली. उकाडा आपल्या हातचा असला म्हणजे तो तितका जाचत नाही.

या दृष्टीने पाहता घरातील सर्वांत पराधीन जागा स्वयंपाकघर होय. उभ्याने रांधणाऱ्या व्यक्तीच्या शरीरात बसलेल्या माणसाच्या दीडपट ते दुप्पट उष्णता निर्माण होते. समोर शेगडीचे प्रारण, भोवती वाफ, आणि ज्योत हलते म्हणून पंखा बंद. सहाही गोष्टी येथे एकाच बाजूला झुकतात. एवढे असूनही घराचे ‘उष्णतामान’ मोजले जाते ते बहुधा बैठकीच्या खोलीत.

सवयीची मर्यादा

लोक उष्णतेला सरावतात या निष्कर्षाचे दोन उपयोग होऊ शकतात, एक योग्य व दुसरा अनिष्ट. योग्य उपयोग असा की, थंड देशांतील प्रयोगशाळेत ठरलेला आकडा येथील बंदिस्त इमारतींवर लादण्याचे कारण उरत नाही. ऊर्जा दक्षता विभागाच्या हिशेबाप्रमाणे वातानुकूलन यंत्राचे नियोजित उष्णतामान एका अंशाने वाढविल्यास सुमारे शेकडा ६ वीज वाचते. १ जानेवारी २०२० पासून भारतात विकावयाच्या अशा यंत्रांत २४ अंश हे मूळ नियोजन ठेवण्याचा नियम आहे. पंख्याच्या जोडीने त्याहून वरच्या उष्णतामानातही सुख मिळू शकते, हे वरील सूत्रांवरून दिसून येईल.

अनिष्ट उपयोग असा की, पत्र्याखालील कुटुंब ‘सवय झाली’ असे म्हणते, त्याला संशोधनाचा दाखला मानावयाचा. येथे दोन निराळ्या गोष्टींची गल्लत होते. ज्या पाहण्यांतून सवयीचे सूत्र निघाले, त्यांतील माणसांना खिडकी उघडणे, पंखा लावणे, वस्त्र बदलणे, जागा बदलणे यांपैकी काही ना काही शक्य होते. एकच खोली, डासांमुळे मिटलेली खिडकी आणि गेलेली वीज, अशा स्थितीत ते सूत्र लागू होत नाही. तान्हे मूल, वृद्ध, अंथरुणाला खिळलेला रुग्ण आणि वर्गातून उठू न शकणारे विद्यार्थी यांनाही ते जसेच्या तसे लागू होत नाही.

शिवाय सुखाची रेषा सरकती असली, तरी जीविताची रेषा तशी सरकत नाही. ओल्या तापमापकाचे ३५ अंश ही मनुष्यदेहाच्या सहनशीलतेची तात्त्विक मर्यादा म्हणून शेरवुड व ह्यूबर यांनी २०१० मध्ये मांडली. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात तरुण निरोगी माणसांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, दमट हवेत ही मर्यादा सुमारे ३१ अंशांवरच गाठली जाते असे आढळले. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला, तेव्हा त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले. ती माणसे उन्हाळ्याला सरावलेल्या शहरातीलच होती. या अनुभवानंतर त्या शहराने २०१३ मध्ये उष्णता-कृती-आराखडा अंमलात आणला, आणि पुढे घरांची छपरे पांढरी करण्याचा कार्यक्रमही हाती घेतला.

उपसंहार

या विवेचनावरून असे दिसते की, उष्णतेची जाणीव ही शरीर, खोली आणि मन या तिघांच्या व्यवहारातून उत्पन्न होते. त्यांत खोलीचा वाटा पुष्कळ मोठा असून तो बहुतांशी प्रारण, वारा व आर्द्रता यांचा आहे. रंगरूपाचा अल्प आहे. आणि रहिवाशाच्या हाती असलेल्या उपायांचा लक्षणीय आहे. म्हणून घरांची, शाळांची व रुग्णालयांची पाहणी करताना हवेच्या तापमापकाबरोबर काळा गोलकही टांगला जावा, वाऱ्याचा वेग मोजला जावा, आणि खिडकी कोणाला उघडता येते हेही विचारले जावे. तसे झाले, तर आरंभी सांगितलेल्या दोन खोल्यांची नोंद एकाच आकड्याने होणार नाही, आणि दाराशी येऊन बसलेल्या माणसाची तक्रार स्वभावदोष म्हणून न गणता छपराचा दोष म्हणून नोंदली जाईल.